मदत हवी आहे: कुत्रीला घेऊन तंबूत मुक्काम करायचा आहे, काय न्यावं आणि तयारी कशी करावी?

नमस्कार मंडळी,

आमची ठमी साडेतीन वर्षांची गावठी कुत्री. वजन १७ किलो, छाती खोल, कंबर बारीक, आणि डोकं जवळपास मानेइतकंच. त्यामुळे ती मागे सरकली की साधा पट्टा डोक्यावरून अलगद निघतो. याचा अनुभव फार वाईट आला, म्हणून आधी तोच सांगते.

मागच्या वर्षी नोव्हेंबरात आम्ही, म्हणजे मी, नवरा आणि नऊ वर्षांची लेक, एका तलावाकाठी भाड्याच्या तंबूत राहायला गेलो होतो. 'कुत्रा चालेल' असं फोनवर सांगितलं होतं. पोचलो तर तंबू एकाला एक खेटून, रात्री मोठ्यानं गाणी, आणि कुत्री आत घ्यायची नाही, बाहेर खुंटीला बांधा म्हणाले. आम्ही ऐकलं. अकराच्या सुमारास पलीकडे कुणीतरी फटाके लावले. ठमीनं मागे झटका दिला आणि पट्टा खुंटीलाच राहिला. रात्री दोनपर्यंत आम्ही बॅटरी घेऊन बांधावरून हाका मारत फिरत होतो. शेवटी ती आमच्याच गाडीखाली सापडली, अंग चोरून बसलेली, थरथरत. लेक त्यानंतर आठवडाभर तिच्याशेजारी खाली झोपत होती.

तरी तिला मागे ठेवून जायला मन धजत नाही. आम्ही दोन दिवस नसलो की ती अन्नाला तोंड लावत नाही. वेताळ टेकडीवर रोज सकाळी तासभर फिरते, चालायला दमदार आहे, माणसांवर भुंकत नाही.

आता जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात दोन रात्री भंडारदऱ्याला जायचा विचार आहे. रतनवाडीच्या बाजूला पाण्याजवळ स्वतःचा तंबू लावायचा आणि मधल्या दिवशी सांधण दरी बघायची. तंबू नवीन आहे, तीन माणसांचा, दुहेरी कापडाचा. ती त्यात झोपेल का? नखांनी तळ फाटेल का? पट्ट्याऐवजी काय घ्यावं? तिचे केस अगदी आखूड आहेत, थंडीसाठी काय करावं? आणि सगळ्यात मोठी भीती गोचिडांची. दोन वर्षांपूर्वी तिला टिक फीवर झाला होता, प्लेटलेट खूप उतरल्या होत्या, महिनाभर गोळ्या चालल्या. पुन्हा ते नको.

तिला घेऊन जाऊच नये असं कुणाला वाटत असेल तर तेही स्पष्ट सांगा.

प्रतिसाद: घाटवाट

ताई, सामानाआधी जागेचं बोलू. रतनवाडी, साम्रद, घाटघर हा सगळा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९८६ साली ते जाहीर झालं. अभयारण्यात पाळीव कुत्रं नेऊ नये. ठमी कितीही शहाणी असली तरी तिच्या वासानं भेकर, ससे बिथरतात. शिवाय कुत्र्यांचे रोग रानात जातात. २०१८ मध्ये गीरचे सिंह मेले, त्यामागे कॅनाइन डिस्टेंपर हे एक कारण होतं. सांधण दरी तर तिच्यासाठी मुळीच नाही. मोठमोठे धोंडे, मध्ये कमरेपर्यंत गार पाणी, आणि कुत्र्याला उचलून उतरवणं म्हणजे दोघांचे पाय मोडायची वेळ.

दुसरं, हा अकोले तालुका. इथल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झालेला आहे. त्यांच्या खाण्यात बहुतेक पाळीव जनावरंच निघाली, आणि त्यात कुत्रा सगळ्यात वर. धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो तो उगाच नाही, बिबट्या गळाच धरतो. खुंटीला बांधलेल्या कुत्र्याला तर पळताही येत नाही. ठमी त्या रात्री पट्ट्यातून निसटली याचा तुम्हाला त्रास होतोय, पण तिला बाहेर बांधायला लावलं तिथेच खरी चूक झाली.

प्रतिसाद: मुळशी_मुक्काम

वरच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. पण ताई, न्यायचंच नाही असं मी म्हणणार नाही. माझी दोन गावठी कुत्री सहा हिवाळे माझ्याबरोबर तंबूत झोपतात. अभयारण्याबाहेर, ओळखीच्या शेतकऱ्याचं कुंपण घातलेलं शेत बघा. आजूबाजूला दुसरे तंबू नकोत आणि गाडी तंबूपर्यंत जायला हवी. मालकाला तीन गोष्टी थेट विचारा: स्पीकर लागतो का, त्यांची कुत्री मोकळी असतात का, आणि आमची तंबूच्या आत झोपली तर चालेल का. तिसऱ्याला नाही म्हणाले तर पैसे भरू नका.

अंगपट्टा तीन पट्ट्यांचा घ्या, तिसरा पट्टा बरगड्यांच्या मागे, कमरेच्या बारीक भागावर येतो. खोल छातीच्या कुत्र्याला त्यातून मागे सरकून निघता येत नाही. त्याच्या जोडीला गळ्यात मार्टिंगेल, म्हणजे ओढ बसली की आवळणारा पट्टा. दोन्हींना मिळून एकच दोरी अडकवायची. नवा अंगपट्टा महिनाभर आधी घरी वापरा, काखेत घासतो का बघा. गळ्यात फोन नंबर कोरलेली पट्टी आणि रात्री लुकलुकणारा छोटा दिवा.

तंबूचा तळ फाटतो तो खालच्या खड्यांनी आणि वरून नखांनी. खाली ताडपत्री, आत जुनी सतरंजी, नखं चार दिवस आधी कापलेली. एवढं पुरतं. जमिनीचा गारठा पोटाला लागतो, म्हणून तिच्याखाली फोमची चटई आणि तिच्यावर घोंगडी. घोंगडी थोडी दमट झाली तरी ऊब देते, ते सुती पांघरुणाला जमत नाही.

पण सामानापेक्षा महत्त्वाची सवय आहे. तंबू आजच घरात उभा करा. पहिले चार दिवस दार उघडं, जेवण आतच. मग तंबूच्या दाराची चेन लावायची-काढायची, त्या आवाजाला कुत्री दचकतात. मग गच्चीवर एक रात्र पूर्ण. ठमीच्या मनात तंबू म्हणजे फटाके असं बसलेलं असणार, ते निघायला वेळ लागेल. जानेवारी गाठायची घाई करू नका. फेब्रुवारीतही रात्री छान असतात.

आणि चूल पेटली की कोंबडीची हाडं कुणीही टाकायची नाहीत. शिजलेलं हाड फुटून टोकदार तुकडे होतात. कांद्याचा रस्साही नको. पाणी घरूनच न्या, एकट्या ठमीचं दिवसाला दोन लिटर धरा. डबक्यातलं पाणी तिला पिऊ देऊ नका.

प्रतिसाद: दवाखान्यातली

मी जनावरांच्या दवाखान्यात काम करते. ज्या गोष्टी टेबलावर येतात तेवढ्याच सांगते.

गोचिडांसाठी चावून खायची गोळी मिळते, काही महिनाभर चालतात, काही बारा आठवडे. टिक फीवर होऊन गेलेला असल्यामुळे कोणती आणि कधी द्यायची हे तुमच्या डॉक्टरांना विचारा, निघण्याच्या आदल्या रात्रीपर्यंत थांबू नका. गोचीड चावल्यावर मरते, त्यामुळे गोळी दिली तरी रोज अंग चाचपायचं: कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली. सापडली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल, तेल, काडी काही नको. परत आल्यावर तीन आठवडे लक्ष ठेवा. ताप, जेवण सोडणं, हिरड्या फिक्या पडणं, नाकातून रक्त, यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी रक्त तपासा.

आमच्याकडे हिवाळ्यात सगळ्यात जास्त येतात ती कुसळं. वाळलेल्या गवतातून पळाली की पंजात, कानात, नाकात शिरतात आणि आतआत सरकतात. अचानक सलग शिंका किंवा डोकं एका बाजूला कलणं म्हणजे कुसळ असू शकतं. खाजकुयलीच्या शेंगाही याच दिवसांत वाळलेल्या असतात.

रेबीज आणि लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतातून पसरणारा रोग) लस चालू आहे ना, वही बघा. लेप्टोची एक वर्षाच्या पुढे नको. माणसांची क्रोसिन, ब्रुफेन कुत्र्याला द्यायची नाही. डासांचं डीट असलेलं मलम तिच्या अंगाला लावायचं नाही, चाटून पोटात जातं. साप चावल्याची शंका आली तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चालवायचंही नाही, उचलून गाडीत. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर माणसांना जी लस देतात तीच कुत्र्यांना देतात. ती जवळच्या कोणत्या दवाखान्यात मिळते हे निघण्याआधी फोन करून विचारा.

धागाकर्ती

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. भंडारदरा रद्द केलं. अभयारण्याची हद्द तिथवर आहे हे माहीत असायला हवं होतं. मुळशीच्या बाजूला नवऱ्याच्या सहकाऱ्याचं कुंपणाचं शेत आहे, तिथे फेब्रुवारीत एकच रात्र जाऊ. कुत्री आत झोपेल हे त्यांना आधीच सांगितलं आहे.

गेले नऊ दिवस तंबू बैठकीच्या खोलीत उभा आहे. पहिल्या दिवशी ती दाराशी येऊन मागे फिरली आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली. मी काहीच केलं नाही, फक्त वाटी आत ठेवली. पाचव्या दिवशी पुढचे दोन पाय आत ठेवून जेवली. काल रात्री लेक आत झोपली होती आणि पहाटे बघते तर ठमी तिच्या पायाशी, आजीच्या जुन्या घोंगडीवर.

चेनचा आवाज मात्र अजून चालत नाही, कान मागे जातात. मुळशी_मुक्काम, तुमच्या कुत्र्यांना त्याची सवय लागायला किती दिवस लागले? आवाज करताना खाऊ द्यायचा की आवाज झाल्यावर?

अंगपट्टा मागवला आहे. मंगळवारी डॉक्टरांकडे जाते, लसींची वही बरोबर घेऊन. गोळीबद्दल काय म्हणाले ते इथेच लिहीन.