मुंबई–मंगळूर उड्डाणात गोव्यानंतरचा हँडऑफ पुन्हा पुन्हा का होतो?

भाट्येकिनारा (रत्नागिरी)

नमस्कार. विमान उड्डाणाच्या सिम्युलेटरमध्ये मी मुंबईहून मंगळूरला ३३,००० फुटांवरून किनाऱ्यालगत उड्डाण करतो. रत्नागिरी, मालवण आणि गोवा मागे पडेपर्यंत सर्व सुरळीत असते. त्यानंतर सिम्युलेटरमधला अंगभूत हवाई वाहतूक नियंत्रक मला चेन्नईच्या फ्रिक्वेन्सीवर पाठवतो, म्हणजेच हँडऑफ करतो. मी रीडबॅक देऊन (सूचना परत म्हणून दाखवून) चेन्नईला हाक मारतो, पण दोनच मिनिटांत तेथून मला मुंबईकडे परत पाठवले जाते आणि थोड्या वेळाने पुन्हा चेन्नईकडे. काल असे तीनदा घडले. या गोंधळात खाली उतरण्याची परवानगी इतकी उशिरा मिळाली की मी मंगळूरला फारच उंचावर पोहोचलो. तेथील धावपट्टी टेकडीच्या माथ्यावर असल्याने घाईने उतरणे मला पटत नाही. चूक माझ्या रेडिओ हाताळणीत आहे का? आणि प्रत्यक्षात हे कसे होते?

कुडाळवासी

तुमची चूक दिसत नाही. गोवा मुंबईच्या फ्लाइट इन्फर्मेशन रीजनमध्ये, म्हणजे तिच्या नियंत्रणाखालील हवाई क्षेत्रात येते आणि मंगळूर चेन्नईच्या, त्यामुळे या मार्गावर एक बदल अटळ आहे. परंतु अंगभूत नियंत्रक बहुधा एवढेच पाहतो की विमान या क्षणी नकाशावरील कोणत्या क्षेत्राच्या आकृतीच्या आत आहे. एक्स-प्लेन या सिम्युलेटरमध्ये हे अक्षांश-रेखांशाच्या बिंदूंनी आखलेले बहुभुज एटीसी डॅट नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये पाहता येतात. मार्ग अशा सीमेला तिरपा छेदत असेल, किंवा तिच्या एखाद्या कोपऱ्याजवळून जात असेल, तर विमान सरळ चालले असूनही आत-बाहेर होत राहते.

प्रत्यक्षात रेषा ओलांडणे हे केवळ निमित्त असते, कारण खरे काम आधीच झालेले असते. मुंबईचा नियंत्रक सीमेवरील ठरलेल्या बिंदूची अपेक्षित वेळ आणि उंची चेन्नईला आगाऊ कळवतो, तिकडून स्वीकार होतो आणि मगच वैमानिकाला नवी फ्रिक्वेन्सी दिली जाते. आपल्या कोकण रेल्वेवर पुढच्या स्टेशनकडून लाइन क्लिअर (मार्ग मोकळा असल्याची संमती) मिळाल्याशिवाय गाडी सोडत नाहीत, तसेच हे आहे. एकदा स्वीकारलेले विमान दोन मिनिटांनी कोणी परत पाठवत नाही.

उपाय म्हणून मार्गात एक बिंदू असा घाला की सीमा शक्य तितकी काटकोनात ओलांडली जाईल. बहुभुजाचे बिंदू बदलायचे असतील, तर मूळ फाइलची प्रत आधी जपून ठेवा.

वेंगुर्लेकर_७३७

दोन गोष्टी जोडतो. नवी फ्रिक्वेन्सी घेताना जुनी रेडिओच्या स्टँडबायमध्ये (राखीव खिडकीत) राहू द्या. दोनतीन हाकांना उत्तर आले नाही, तर परत जाऊन तसे सांगायचे, ही खऱ्या वैमानिकांचीही रीत आहे. दुसरे म्हणजे उतरण्यासाठी नियंत्रकाची वाट पाहू नका. हजार फुटांतील उंचीची तिप्पट केली की उतरण्यासाठी लागणारे सागरी मैलांतील अंदाजे अंतर मिळते. ३३,००० फुटांसाठी ते ९९ होते. म्हणून ११० मैल उरले असतानाच स्वतः मागणी करा.

व्हॅटसिम या सिम्युलेटर उड्डाणांच्या ऑनलाइन नेटवर्कवर माणसे नियंत्रण करतात, त्यामुळे हँडऑफ खऱ्यासारखा होतो. पुढे चेन्नईला कोणी बसलेले नसेल, तर मुंबईचा नियंत्रक सेवा संपल्याचे सांगून तुम्हाला १२२.८०० या सामाईक फ्रिक्वेन्सीवर सोडतो. तेथे नियंत्रक नसतो, म्हणून आपले स्थान आणि हेतू आपणच जाहीर करायचे असतात. आणखी एक आग्रह धरतो: आपल्याकडे ‘मुंबई कंट्रोल’ अशी हाक मारतात, ‘सेंटर’ ही अमेरिकी पद्धत आहे. एवढ्या साध्या गोष्टीतही काळजी घ्यावी असे मला मनापासून वाटते.

भाट्येकिनारा (रत्नागिरी)

दोघांचे आभार. आज गोव्यानंतर एक बिंदू समुद्राच्या बाजूला घातला, तेव्हा बदल एकदाच झाला. ११२ मैलांवर उतरण्याची मागणी केली, ती लगेच मान्य झाली आणि मंगळूरला योग्य उंचीवर पोहोचलो. फाइलमधील बिंदूंना मात्र अजून हात लावलेला नाही. परतीच्या उड्डाणात तोच कोपरा उलट दिशेने कसा वागतो, ते पाहून येथे लिहीन.