गिरणीची शेड पाडून ‘हरित’ इमारत: हा हिशेब मला पटत नाही

चुना_सुरखी
परवापासून एक पोस्ट फिरते आहे. तिचा सार असा: काळाचौकीच्या इंडिया युनायटेड गिरणीत वस्त्रोद्योग संग्रहालय करायचं तर त्या गळक्या शेड आधी पाडा आणि काचेची, सौर पॅनेलची, हरित मानांकनवाली इमारत बांधा; पर्यावरणाला तेच बरं. इथल्याही बऱ्याच जणांनी त्यावर माना डोलावल्या, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

शेड पाडली की दोन-दोन फुटी भिंतींचा राडारोडा डंपरमध्ये भरून कुठल्या तरी खाडीकाठी जाणार. त्या जागी सिमेंट आणि सळई येणार. चुनखडी भाजताना जो वायू सुटतो तो वेगळा, भट्टीच्या इंधनाचा वेगळा. जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के धरतात. नवी इमारत वर्षाला थोडी वीज वाचवेलही, पण बांधतानाच जो धूर होऊन गेला तो त्या बचतीतून भरून यायला कित्येक वर्षं लागतात. आणि आपल्याकडे व्यापारी इमारतीचं आयुष्य किती? तीस वर्षांत पुनर्विकासाचा फलक लागतो. गिरण्यांचे बिडाचे खांब आणि सागवानी तुळया शंभर वर्षं यंत्रांचा हादरा खाऊन उभ्या आहेत.

करवती दातांच्या छपराला उत्तरेकडे काचा. दिवसा दिवा लावायची गरज नाही. चुन्याच्या भिंती ओल घेतात आणि सोडतात. हे सगळं फुकट मिळालेलं असताना पाडायचं कशाला?

आणि हेही सांगतो: शेड ‘वाचवून’ तिला आतून जिप्समचं छत ठोकायचं, काचा काळ्या करायच्या, भिंतींना सिमेंटचा गिलावा मारायचा आणि सेंट्रल एसी लावायचा, हा प्रकारही मला तितकाच नामंजूर आहे. दुर्दैवाने आपल्याकडे तोच जास्त होतो. सिमेंटच्या गिलाव्याने चुन्याची भिंत गुदमरते, ओल आतच अडकते आणि चार पावसाळ्यांत पोपडे सुटतात. मग तेच लोक म्हणतात, बघा, जुनी भिंत कुचकी निघाली.

हिशेबनीस
इमारतींचं ऊर्जा लेखापरीक्षण करतो, म्हणून बोलतो. बांधकामाचा धूर एकदाच होतो, एसी रोज चालतो. आपल्या ग्रिडच्या प्रत्येक युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा. पत्र्याच्या, उष्णतारोधक थर नसलेल्या, वीस फूट उंच शेडला एसी लावणं म्हणजे दार उघडं ठेवून फ्रिज चालवणं.

दुसरं, तुम्ही संग्रहालय कशाचं करताय? कापडाचं. जुन्या कापडावर ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर प्रकाश पडू देत नाहीत आणि हवेतली आर्द्रता वर्षभर स्थिर लागते. मुंबईत जुलैमध्ये हवा किती दमट असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. मग तुमच्या उत्तरेकडच्या काचा काय कामाच्या? त्या झाकाव्याच लागणार.

आणि ते छप्पर मुळात मँचेस्टरचं डोकं आहे. तिथे दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेला. मुंबई १९ अंशांवर. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत आपला दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. ऐन मे महिन्यात ऊन सरळ आत.

चुना_सुरखी
सरळ आत येत नाही. २१ जूनलाही तो माथ्यापासून जेमतेम साडेचार अंश उत्तरेला असतो. उभ्या काचेला चाटून जातो. तोवर ढगही आलेले असतात. इतकी वर्षं ही छपरं चालली ती काय आंधळेपणाने?

हिशेबनीस
दुपार धरून बसू नका. मेमध्ये सूर्य पूर्वेच्या बराच उत्तरेला सरकून उगवतो आणि तसाच मावळतो. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आत शिरतं. शिवाय बऱ्याच शेडच्या काचा उभ्या नाहीत, मागे कललेल्या आहेत. तिथे दुपारचंही येतं. कागदावर कोन काढून बघा.

साचेवाल्याची_लेक
तुमचा सूर्य बाजूला ठेवा थोडा वेळ. ‘फुकट मिळालेलं’ हा शब्द वाचून डोकं तडकलं, म्हणून लिहिते आहे.

माझे वडील साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणायच्या खात्यात होते. सूत कोरडं पडलं की तुटतं, म्हणून खात्याच्या खिडक्या बंद आणि वरून पाण्याचा फवारा. एप्रिल-मेमध्येही. पाळी संपवून घरी आले की बनियन पिळून वाळत घालावा लागे. केसांत, भुवयांत कापूस. धोटा (मागावर आडवं सूत नेतो तो) भरताना सुताचं टोक तोंडाने ओढून घ्यायचे. एकाने तोंड लावलेला धोटा पुढच्या पाळीत दुसऱ्याच्या तोंडात. क्षय कसा पसरला असेल ते तुम्हीच समजा. आमच्या मजल्यावर खोकल्याचा आवाज नाही अशी रात्र मला आठवत नाही.

त्या शेडला कोणी ‘नैसर्गिक थंडाव्याची वास्तू’ म्हटलं की मला राग येतो. पर्यावरण आठवतं ते आता, एसीचं बिल निघाल्यावर. आत माणसं होती तेव्हा आतल्या हवेचं कोणाला काही पडलं नव्हतं.

चुना_सुरखी
ताई, तुमच्या वडिलांनी सोसलं त्याबद्दल वाद नाही. पण ती उष्णता छपराची नव्हती. शेकडो मोटारी, पट्टे, वाफ, वर बंद खिडक्या. यंत्रं गेली, फवारा गेला, खिडक्या उघडल्या की तीच शेड वेगळी वागते. उंच छताखाली गरम हवा वर जाते, वरून बाहेर काढता येते. मी स्वतः अशा शेडमध्ये मे महिन्यात मोजमापं घेतली आहेत, पंख्यावर काम भागलं.

साचेवाल्याची_लेक
इमारत आणि तिच्यातलं काम असं वेगळं काढता येत नाही. ती शेड त्या दमट हवेसाठीच तशी बांधली होती. तुम्ही खिडक्या उघडून, भिंत घासून, छान उजेड पाडून दाखवाल आणि लोक म्हणतील, वा, किती हवेशीर जागेत काम करायचे आपले आजोबा! खोटं आहे ते.

ठाण्याचा_अभियंता
एसी आणि उन्हावर एवढं चाललंय, पत्र्यांवर कोणीच बोलत नाही. अनेक गिरण्यांच्या छपरावर नंतर घातलेले ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे आहेत. आपल्याकडे त्यावर बंदी नाही. पत्रा शाबूत असतो तोवर ठीक, फोडला की तंतू हवेत. एका गिरणीच्या पाडकामावर मी पर्यवेक्षक होतो. मजूर तोंडाला रुमाल बांधून घणाने पत्रे फोडत होते. थांबवायला गेलो तर ठेकेदार म्हणाला, तुमचा वेळ, आमचा पैसा. बायका तोच चुरा घमेल्यात भरत होत्या. मी ती नोकरी सोडली.

शिवाय जमिनीत मुरलेलं फर्नेस तेल, रंगखात्याची रसायनं. पाडा किंवा ठेवा, आधी माती तपासा. हरित मानांकनाची पाटी लावणाऱ्यांनी आणि वारसा वारसा करणाऱ्यांनी, दोघांनीही.

लालबागचा_पोर
कसली माती तपासताय! सगळी माती विकून झाली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ मध्ये गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश मैदानांना, एक तृतीयांश म्हाडाला आणि उरलेला मालकाला होता. २००१ मध्ये तोच नियम फिरवला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची केली. शेड पाडून मोकळी झालेली जमीन वाटणीबाहेर. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. सुमारे सहाशे एकरांतून शहराला मैदानं मिळायची होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, परळ-लालबाग पाण्यात होतं. पाणी मुरायला जमीन ठेवली कुठे? तुम्हाला कार्बनचा हिशेब हवा ना? त्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांचा करा.

आणि गिरणी कामगारांना घर कुठे देतात, तर शेलू नाहीतर वांगणी. ज्याचा बाप चालत कामावर जायचा त्याने आता दीड-दोन तास लोकलला लटकायचं.

चुना_सुरखी
नियम ५८ बद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण ही गिरणी सरकारी महामंडळाची होती आणि जागा पालिकेकडे आली आहे. इथे टॉवर येत नाहीये. या शेड पाडल्याने एकाही कामगाराला घर मिळणार नाही.

लालबागचा_पोर
मिळालं असतं. जागा सार्वजनिक आहे म्हणूनच मिळालं असतं! एका बाजूला घरं, एका बाजूला तुमचं संग्रहालय. कोणी विचारलं का? १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख माणसं संपावर बाहेर पडली, त्यांची पोरं अजून अर्ज घेऊन फिरताहेत, आणि इथे काचेचा कोन किती यावर वाद चाललाय. लाज वाटायला हवी.

हिशेबनीस
भाषा सांभाळा. माझे काकाही संपात होते. घरांचा प्रश्न मोठा आहे म्हणून विजेचा प्रश्न खोटा ठरत नाही.

करवीरकर
मुंबईवाल्यांनी मुंबईच्या बाहेरही बघावं. आमच्याकडे कोल्हापुरात शाहू मिल आहे, राजर्षींनी १९०६ मध्ये उभी केलेली. स्मारकाचा आराखडा किती वर्षं ऐकतोय! २०२२ मध्ये स्मृतिशताब्दीला कृतज्ञता पर्वाचे कार्यक्रम तिथे झाले. एप्रिल-मेचा उन्हाळा असून माणसं पोराबाळांसकट आली, संध्याकाळी तर पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या आत्याने आयुष्यात पहिल्यांदा गेटच्या आत पाऊल टाकलं. मग परत कुलूप. रिकामी इमारत कोणत्याही मानांकनाची वाट बघत नाही. कौल सरकला की पाणी, पाणी आलं की वाळवी, भिंतीत पिंपळ. नागपूरच्या एम्प्रेस मिलचं काय झालं ते पाहिलंय ना? १८७७ ची गिरणी, आता त्या जमिनीवर मॉल. आधी वापर सुरू करा, चर्चा नंतर.

ठाण्याचा_अभियंता
घाईने वापर सुरू केला की काय होतं ते कमला मिलच्या आवारात बघितलं. २९ डिसेंबर २०१७ ची आग, १४ जण गेले.

करवीरकर
ते गच्चीवरचे पब होते हो! शाहू मिलच्या अंगणात शाळेची पोरं चित्रं बघायला येणं आणि ते एकच का?

चुना_सुरखी
हिशेबनीसांचा कापडाचा मुद्दा मी टाळलेला नाही, त्याचं उत्तर देतो. जुनं कापड ठेवायला सगळी शेड थंड करायची गरज नाही. शेडच्या पोटात छोटी बंद दालनं बांधा, चांगली जाड, उष्णतारोधक, स्वतःच्या छताची. एसी, अंधार, स्थिर आर्द्रता फक्त तिथे. यंत्रं, फोटो, बसण्याची जागा, कार्यशाळा, पोरांची वर्दळ हे सगळं बाहेर, पंख्यावर आणि दिवसाच्या उजेडात. दालन काढून टाकलं तरी मूळ शेडला धक्का नाही. काचांना बाहेरून झडपा लावू, म्हणजे तुमचं मेमधलं ऊनही अडेल.

हिशेबनीस
असं केलंत तर माझी आकडेमोड बदलते, हे नाइलाजाने मान्य. पण मी निविदा वाचतो. आधी ‘छोटी दालनं’ लिहितात, मग प्रेक्षागृह येतं, कॅफे येतो, साहेबांची केबिन येते आणि शेवटी सगळीकडे डक्ट. एसीचं क्षेत्रफळ किती टक्के ते निविदेत आकड्याने लिहा, वेगळा मीटर लावा आणि दरवर्षीचं बिल जाहीर करा. त्याशिवाय माझ्या लेखी ते हरित नाही. तुमच्या चुन्याचंही तसंच. तो हवेतला कार्बन परत शोषतो असं सांगतात, पण भट्टीत जाळलेल्या कोळशाचा शोषत नाही.

साचेवाल्याची_लेक
मला एक खातं जसं होतं तसं हवं. साचे चालू, खिडक्या बंद, वरून फवारा. पाच मिनिटं आत उभं राहू द्या लोकांना. माहितीफलक लावून ती हवा कळत नाही.

चुना_सुरखी
होऊ शकतं, पण कापडाच्या दालनापासून लांबच्या शेडमध्ये. तेवढी दमट हवा शेजारी चालणार नाही. आधी पत्रे नीट उतरवून, माती तपासून. फवारा, वेगळा मीटर, पत्रे, माती एवढं एकत्र लिहून पालिकेला निवेदन देऊ या. मसुदा मी करतो, रविवारी इथेच टाकतो.

लालबागचा_पोर
माझी सही धरू नका. घरांचा मुद्दा पहिल्या परिच्छेदात असेल तर बघू. शेवटी ‘इतर मागण्या’मध्ये ढकललात तर विरोधाचं दुसरं निवेदन मी देणार.