जॉइंट रिटर्न: आंधळेपणाने सही करायची का?

जर्सीची_सून: लग्नानंतरचा अमेरिकेतला पहिलाच टॅक्स सीझन. दोघंही नोकरीत, पगार जवळपास सारखे. नवरा म्हणतो, "जॉइंट, म्हणजे दोघांचं एकच रिटर्न भरतो, तू फक्त ई-सहीचा पिन सांग." मला वेगळं भरावंसं वाटतंय. काय करू?

डॅलसचा_दादा: वेगळं भरून हाती काय लागणार? स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट ठरावीक वजावट, २०२५ साठी जॉइंटला ३१,५०० डॉलर, वेगळं भरलं तर प्रत्येकी १५,७५०. इथे फिटंफाट. पण वेगळं भरलं की स्टुडंट लोनच्या व्याजाची वजावट गेली. एकत्र राहत असाल तर १०,००० च्या पुढे उत्पन्न गेलं की रॉथ आयआरएत (निवृत्तीच्या बचत खात्यात) थेट एक डॉलरही टाकता येत नाही. एकाने आयटमाइज केलं (खर्च एकेक दाखवून वजावट घेतली) तर दुसऱ्यालाही तेच. संसार एक आणि हिशोब दोन, कशाला हा उपद्व्याप?

कोथरूडकर_काकू: दादा, सवलती सांगितल्यात, जबाबदारी गिळलीत. जॉइंटवर सही केली की पूर्ण कराला दोघंही बांधील, पुढे घटस्फोट झाला तरी. माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याने कन्सल्टिंगचं उत्पन्न दाखवलंच नव्हतं. नोटीस तिच्याही नावाने आली. फॉर्म ८८५७ भरून सुटका मागता येते, पण "मला माहीत नव्हतं आणि माहीत असायचं कारणही नव्हतं" हे तिनेच पटवून द्यायचं!

आणि आपल्या लोकांची खरी गोम रिटर्नमधल्या शेड्यूल बी या व्याज-डिव्हिडंडच्या तक्त्याच्या तळाशी असते: परदेशात खातं आहे का? गावच्या बँकेत बाबांबरोबरचं खातं, त्यात एफडी, तरी बिनदिक्कत "नाही"वर टिक. "ते बाबांचंच आहे हो!" त्या "नाही"खाली तुझीही सही.

डॅलसचा_दादा: म्हणजे नवऱ्यावर विश्वासच नाही म्हणा की.

कोथरूडकर_काकू: घराच्या कर्जाचे कागद वाचता ना? तेव्हा कुठे जातो विश्वास?

पणजीवाला: जरा अवांतर. भारतात जॉइंट रिटर्नच नाही. आम्हा गोंयकारांसाठी आयकर कायद्यात वेगळं कलम आहे: पगार सोडून बाकी उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं-निम्मं, पण रिटर्न दोन.

आकडेमोड: ताई, दोन्ही पद्धतींनी गणित मांडून बघा. शंका असेल तर आधी वेगळं भरा. वेगळ्याचं जॉइंट नंतर तीन वर्षांपर्यंत करता येतं. जॉइंटचं वेगळं मात्र मुदत टळल्यावर नाही.

जर्सीची_सून: हे कामाचं. आज त्याचे सगळे १०९९ (पगाराबाहेरच्या उत्पन्नाचे फॉर्म) मागते. पिन नंतर.