जीनोमची यादी पुरे, की पेशीत उतरून बघायचं?

रावपुरा_बडोदे:
10,000 भारतीयांच्या जीनोमची, म्हणजे संपूर्ण डीएनएची, माहिती जानेवारी 2025मध्ये संशोधकांना खुली झाली. आनंदच आहे, पण यादी म्हणजे ज्ञान नव्हे. प्रथिनांची कृती लिहिलेला भाग डीएनएत जेमतेम दीड-दोन टक्के. आजारांशी जोडलेले बहुतेक फरक उरलेल्या भागात सापडतात. तिथला फरक कुठलं जनुक, कुठल्या पेशीत, किती चालवतो हे नुसती अक्षरं वाचून कळत नाही; जिवंत पेशीत करूनच बघावं लागतं. आपल्या बडोद्यात यावर खर्च व्हायला हवा.

दांडियाबाजार_ताई:
मी छोटाउदेपूरकडे शिबिरांना जाते. पावसाळ्यात बारा वर्षांचा मुलगा बाकावर गुडघे पोटाशी घेऊन पडला होता, ओठ दाताखाली. सिकलसेल, रक्ताच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या दोन आठवड्यांपासून संपलेल्या. आधी तपासणी आणि गोळ्या, मग तुमच्या पेशी.

रावपुरा_बडोदे:
ताई, गोळ्या आधी, मान्य. पण ती गोळी गर्भात असताना बनणारं हिमोग्लोबिन वाढवते म्हणून लागू पडते. जन्मानंतर त्याला दाबून ठेवतं बीसीएल11ए जनुक. ते मेंदूलाही लागतं, सगळीकडे बंद करून चालत नाही. 2013मध्ये त्याच्या आतच रक्ताच्या लाल पेशींपुरतं चालणारं बटण सापडलं. तेवढंच कापायचं उपचारतंत्र 2023मध्ये मंजूर झालं. यादी वाचून हे हाती लागलं असतं का?

सुरसागर_काठ:
अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर, वर केमोथेरपी. आपल्याकडे कुणाला परवडेल? आणि बशीतल्या पेशींवर इतका विश्वास नको. माझी पीएचडी यातच गेली. असंच बटण वाटणारा डीएनएचा एक तुकडा प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या छोट्या वर्तुळावर, घालून पेशीत सोडला की लख्ख चमकायचा, म्हणजे बटण चालतंय. तोच बदल गुणसूत्रावर त्याच्या जागी केला, तर काहीच नाही. दोन वर्षं गेली.

रावपुरा_बडोदे:
म्हणून तर त्याच्या जागीच, योग्य पेशीत करायचं! आपल्याकडच्या सिकलसेल रुग्णांत बहुधा अरब-इंडियन हॅप्लोटाइप (एकत्र वारशाने येणारा डीएनएतल्या फरकांचा संच) असतो, त्यात गर्भातलं हिमोग्लोबिन मुळात जास्त. तरी ताईंनी पाहिलेला मुलगा कळांनी तळमळतोय. त्याच्यात आणखी काय वेगळं आहे? हे त्याच्या रक्ताच्या स्टेम सेलपासून (मूळ पेशींपासून) लाल पेशी वाढवून तपासता येईल. परदेशातल्या रुग्णांवरून कळणार नाही.

दांडियाबाजार_ताई:
हा प्रश्न मला पटला. पण रक्त मागायला याल तेव्हा त्याच्या आईला राठवी बोलीत सगळं समजावणारं माणूस सोबत आणा. आणि गोळ्याही.