प्रति: दवाखान्यातून आणल्यापासून बहिणी-बहिणी वैरी

ऑपरेशन करून आणलेल्या मनीवर घरातली दुसरी तुटून पडते म्हणालात, ते बहुतेक वासामुळे. मांजरं एकमेकींना नाकानं ओळखतात. दवाखान्याचा वास आला म्हणजे तिच्या लेखी परकीच घरात शिरली!

आमच्याकडे, बडोद्यात दांडिया बाजारला, उत्तरायणाच्या (पतंगांच्या संक्रांतीच्या) दिवशी वेगळंच झालं. गच्च्यांवरच्या भोंग्यांनी बोका बिथरला आणि राग काढला भावावर. मी मध्ये हात घातला, ओरखडे अजून आहेत. हात नको, पुठ्ठा सरकवा. मग वेगळ्या खोल्या, शी-शूच्या मातीचा ट्रेही वेगळा. एकीच्या गालांवर फिरवलेलं फडकं दुसरीच्या ताटलीखाली ठेवा, खाणं बंद दाराच्या दोन्ही बाजूंना. फिस्कारणं थांबेपर्यंत दार उघडू नका. आम्हाला १२ दिवस लागले. सासूबाई मात्र चौथ्या दिवशीच उघडायला निघाल्या होत्या.