माळावर हरवलेलं रेडिओसाँड: लेव्ही फ्लाइट, सरळ पट्टे, की आणखी काही?

माळकरी: हवामानाच्या फुग्याबरोबर सोडलेलं रेडिओसाँड (हवेची मोजमापं रेडिओने कळवणारं डब्यासारखं यंत्र) माळरानावर पडलंय. बॅटरी संपलीय, त्यामुळे आवाज नाही की सिग्नल नाही. शेवटचा सिग्नल जमिनीपासून ३०० मीटर उंचीवर असताना मिळाला, मग टेकडी आड आली. वारा पश्चिमेकडून ८ मीटर प्रति सेकंद. शोधायचा भाग २ किमी × २ किमी, गुडघाभर कुसळी गवत. आम्ही ६ जण, दिवसाला ४ तास चालू शकतो, शिवाय एक कॅमेरा ड्रोन आहे.

अल्बाट्रॉसपासून शार्कपर्यंत प्राणी लेव्ही फ्लाइटने, म्हणजे पुष्कळ छोट्या झेपा आणि मधूनच एक लांब झेप अशा रीतीने भक्ष्य शोधतात, आणि गणिताने तीच सर्वोत्तम पद्धत ठरते, असं वाचलं. मग आम्हीही ड्रोन तसाच उडवावा का? सगळ्या शास्त्रांना चालेल अशी शोधाची एकच पद्धत आहे का?

पक्षीगणक: लेव्ही फ्लाइट तुमच्या कामाची नाही. १९९९ च्या ज्या गणितामुळे ती प्रसिद्ध झाली, त्यातल्या अटी आधी बघा: शोधणाऱ्याला स्मरण नाही, नकाशा नाही, भक्ष्य विरळ आहे आणि खाल्लं तरी त्याच जागी पुन्हा मिळतं. तुमच्याकडे नकाशा आहे, जीपीएस आहे आणि वस्तू एकच. यातली एक अट तरी बसते का?

अल्बाट्रॉसचा पुरावाही पुढे डळमळला. १९९६ च्या निबंधात पक्ष्यांच्या पायाला लावलेली यंत्रं पाय ओला की कोरडा एवढंच नोंदवत होती. पक्षी घरट्यावर बसला असला तरी पाय कोरडाच, आणि तो वेळ 'लांब उड्डाण' म्हणून मोजला गेला. २००७ मध्ये फेरतपासणीत हे उघड झालं. नंतरच्या अभ्यासांत काही पक्ष्यांच्या बाबतीत लेव्हीसारखा आकार दिसला, पण सरसकट नियम म्हणून तो उरला नाही. शिवाय २०२० मध्ये दाखवलं गेलं की १९९९ मधला वर्गव्यस्त नियम (झेपेची शक्यता तिच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटते) दोन किंवा जास्त मितींत सर्वसाधारणपणे सर्वोत्तम ठरतच नाही. माळ दोन मितींचाच आहे.

शोधगणित: वरच्याशी सहमत. एकच पद्धत नसते, पण आधी विचारायचे प्रश्न तेच असतात: वस्तू हलते का, समोर असूनही नजरेतून सुटण्याची शक्यता किती, आणि 'इथे नाही मिळालं' ही माहिती पुढे वापरता येते का. तुमच्या बाबतीत वस्तू स्थिर आहे आणि माहिती वापरता येते, म्हणून बेझच्या रीतीने जा, म्हणजे नवी माहिती मिळेल तशा शक्यता बदलत चला.

पहिलं काम शक्यतेचा नकाशा. पॅराशूटने उतरण्याचा वेग ५ मी/से धरला तर ३०० मीटर उतरायला ६० सेकंद, म्हणजे शेवटच्या जागेपासून पूर्वेला ४८० मीटर. वेग ४ असेल तर ६०० मीटर, ७ असेल तर ३४० च्या आसपास. जमिनीलगत वारा पडतो, म्हणून नकाशाचा मध्य ४८० च्या थोडा अलीकडे ठेवा. १ चौ. किमी.चे ४ चौकोन करा. समजा शक्यता अ ०.६, आ ०.२, इ आणि ई प्रत्येकी ०.१ आल्या. (प्रत्यक्षात चौकोन २०० मीटरचे घ्या, इथे हिशेबासाठी मोठे घेतलेत.)

दुसरं, प्रभावी पट्ट्याची रुंदी, म्हणजे एक माणूस चालताना जेवढा पट्टा खरोखर तपासला गेला असं धरता येतं तो. ही अंदाजाने लिहू नका, मोजा. त्याच गवतात त्याच आकाराचे २०-२५ पांढरे डबे लपवा, जागा ठाऊक नसलेल्या माणसाला सरळ रेषेत चालवा, आणि प्रत्येक डबा रेषेपासून किती दूर होता व दिसला की नाही ते लिहा. ज्या अंतराच्या आत सुटलेले डबे आणि बाहेर दिसलेले डबे सारखे होतात, त्या अंतराची दुप्पट म्हणजे ही रुंदी. समजा ती २० मीटर निघाली. ६ जण × ४ तास × ताशी २ किमी = ४८ किमी चाल, म्हणजे दिवसाला ०.९६ चौ. किमी.

आता दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलासाठी पाणबुडीशोधावर काम करणाऱ्या कूपमनचं सूत्र लावा. सापडण्याची शक्यता = १ − e^(−व्याप्ती), व्याप्ती म्हणजे पिंजून काढलेलं क्षेत्र (चाल × पट्ट्याची रुंदी) भागिले एकूण क्षेत्र. चारही चौकोनांत सारखं फिरलात तर व्याप्ती ०.२४, शक्यता २१ टक्के. सगळी चाल अ मध्ये घातली तर ०.६ × ०.६१७ = ३७ टक्के. मेहनत तेवढीच.

नाही सापडलं तर नकाशा बदला: अ ०.३६५, आ ०.३१८, इ-ई प्रत्येकी ०.१५९. दुसऱ्या दिवशी सुरुवातीचे सुमारे ७ किमी अ मध्येच चाला, तेवढ्यात अ आणि आ बरोबरीला येतात. उरलेली चाल दोघांत निम्मी-निम्मी.

रेणूजीव: पेशीतलं उदाहरण इथे उपयोगी पडेल. लॅक रिप्रेसर हे प्रथिन ई. कोलाय या जिवाणूच्या डीएनएमधल्या सुमारे ४६ लाख बेस-जोड्यांत आपली जागा शोधतं. ते डीएनएवर ४५ जोड्यांच्या आसपास सरकतं, सुटतं, पोहत दुसरीकडे जाऊन पुन्हा चिकटतं. नुसतं सरकत राहिलं तर तोच तुकडा पुन्हा पुन्हा तपासला जातो, नुसतं पोहलं तर ओळख पटायची संधी कमी. साध्या प्रतिमानात दोन्हींना सारखा वेळ दिला की शोध सर्वांत जलद होतो. प्रथिनाला स्मरण नाही, तुम्हाला आहे, म्हणून हा निम्मा-निम्मा हिशेब उचलू नका. पण जलद हालचाल आणि बारीक पाहणी या दोन अवस्था वेगळ्या ठेवणं घेण्यासारखं आहे. ड्रोनने रंगीत पॅराशूट आणि फुग्याचा फाटका तुकडा शोधा, डबा नाही. संशयाच्या जागी मग माणसं पाठवा.

माळकरी: आभार, हिशेब कळला. एक शंका: ड्रोनने अ वर तेच पट्टे तीनदा मारले तर व्याप्ती तिप्पट धरायची का?

शोधगणित: नाही, आणि इथेच बहुतेक शोध फसतात. सूत्र दर फेरी स्वतंत्र मानतं. गवताच्या गड्ड्यामागचा डबा त्याच कोनातून तिन्ही वेळा लपलेलाच राहणार. दुसरी फेरी ९० अंशांनी वळवून मारा, एक सकाळी आणि एक दुपारी, म्हणजे सावल्या बदलतील. सारख्याच फेऱ्यांना जवळपास एकच फेरी धरा.

अशीच चूक एअर फ्रान्स ४४७ च्या शोधात महाग पडली. जून २००९ मध्ये ते विमान अटलांटिकमध्ये पडलं. अवशेषांच्या जवळून ध्वनियंत्रं नेली गेली होती, पण ब्लॅक बॉक्सचे पिंगर (पाण्याखाली ध्वनिसंकेत देणारी यंत्रं) वाजत असतील हे गृहीत धरून तो भाग जवळजवळ बाद केला गेला. पिंगर बंद पडल्याची शक्यता हिशेबात धरल्यावर शेवटच्या ठाऊक जागेभोवतीची शक्यता पुन्हा वर आली, आणि एप्रिल २०११ मध्ये नव्या मोहिमेच्या पहिल्याच आठवड्यात अवशेष मिळाले.

म्हणून नकाशात एक पाचवा खाना ठेवा, 'या चौकटीबाहेर', शक्यता सुरुवातीला ०.०५ ते ०.१. बाकीचे खाने त्या प्रमाणात कमी करा. प्रत्येक अपयशी दिवसानंतर हा खाना फुगेल. तो सगळ्या चौकोनांपेक्षा मोठा झाला की चालणं थांबवा, गावातल्या गुराख्यांना विचारा आणि वाऱ्याची नोंद पुन्हा तपासा.