खात्यातून आपोआप वजा होणारी रक्कम कायमची कशी थांबवावी?

प्रश्न
माझ्या आईच्या बचत खात्यातून दरमहा एका सदस्यत्वाची रक्कम वजा होते. ते बंद करावे असे आम्ही दोन महिन्यांपूर्वी कंपनीला फोनवर कळवले आणि ॲपही काढून टाकले; तरीही या महिन्यात रक्कम गेली. पासबुकातील नोंदीत 'एसीएच' अशी अक्षरे आहेत. खाते रिकामे ठेवल्यास वजावट आपोआप थांबेल, असे एका परिचितांनी सुचवले आहे. तसे करावे काय?

प्रतिसाद 1
नोंदीतील 'एसीएच' म्हणजे खातेदाराने दिलेल्या संमतीवरून बँकांमार्फत आपोआप रक्कम वजा करण्याची व्यवस्था. खाते रिकामे ठेवण्याचा मार्ग कृपया अवलंबू नका. शिल्लक नसल्यामुळे वजावट परत गेली की बँक शुल्क आकारते. शिवाय देणे फेडण्यासाठी दिलेली इलेक्ट्रॉनिक वजावट अपुऱ्या शिलकीमुळे परत जाणे हा, चेक न वटण्याप्रमाणेच, पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, 2007 च्या कलम 25 नुसार गुन्हा ठरू शकतो. एवढे करूनही मँडेट, म्हणजे वजावटीसाठी आईंनी दिलेली संमती, कायमच राहते. ॲप काढून टाकल्यानेही ती रद्द होत नाही.

प्रत्येक मँडेटला यूएमआरएन हा स्वतंत्र क्रमांक असतो. तो नेटबँकिंगमध्ये किंवा शाखेत मिळवून, त्याचा उल्लेख करून आईंच्या सहीने लेखी अर्ज द्यावा. अर्जात 'मँडेट रद्द करावे' असेच शब्द असावेत, कारण 'या महिन्याची वजावट थांबवावी' असे लिहिल्यास तेवढाच एक हप्ता थांबून पुढच्या महिन्यात पुन्हा तीच वेळ येण्याची शक्यता असते. अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय शाखेतून निघू नये, असा माझा आग्रह आहे.

प्रतिसाद 2
हीच वजावट यूपीआय ऑटोपेवरून होत असती, तर यूपीआय ॲपमधील ऑटोपे विभागातून मँडेट रद्द करता आले असते. कार्डावरील आवर्ती वजावटीबाबत रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार किमान 24 तास आधी सूचना येते. तो संदेश जाहिरात समजून पुसून टाकू नये. ती वजावट नाकारण्याची सोय त्यातच असते.

प्रतिसाद 3
मँडेट रद्द झाले म्हणजे करार संपला असे नाही. कर्जाच्या हप्त्याबाबत असे केल्यास थकबाकी होऊन पतनोंद बिघडते. आपल्या बाबतीत सदस्यत्व संपवल्याचे कंपनीला ईमेलने कळवावे, कारण फोनवरच्या बोलण्याचा पुरावा आपल्या हाती राहत नाही. मँडेट रद्द झाल्यावरही रक्कम गेली, तर बँकेकडे लेखी तक्रार करावी. 30 दिवसांत उत्तर न मिळाल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. आज शाखेत मँडेटांची यादी मागितली, तेव्हा त्याच कंपनीच्या नावे दोन मँडेट असल्याचे दिसले. दुसरे केव्हा दिले, हे आईला आठवत नाही. दोन्ही क्रमांक लिहून अर्ज दिला असून पोच घेतली आहे. कंपनीलाही ईमेल पाठवला आहे.